आधी कागदावर

टी. एन. एकोजीराव. हे नाव मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे लिहिताना हात अडला तरी मुख्य गोष्ट राहून जायची नाही. आज मी जो काही आहे त्यात आईवडिलांनंतर सर्वांत मोठा वाटा या माणसाचा आहे. आणि माझी पहिली नोकरी गेली तीही याच माणसामुळे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवताना मला अजून अवघड वाटतं. पण दोन्ही खरी आहेत.

मी परतूरचा, जालना जिल्ह्यातला. वडील कापडाच्या दुकानात गडी होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बुद्धिबळ मला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने शिकवलं, पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि त्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून मला थेट चेन्नईला, अण्णा नगरातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात कारकुनाची जागा मिळाली. दोन हजारनंतरची ती पहिली चार-पाच वर्षं होती. वडिलांनी नेमणुकीच्या पत्राची नक्कल प्लास्टिकमध्ये मढवून देवाच्या फोटोशेजारी लावली. पत्र इंग्रजीत होतं. त्यातला तिसरा परिच्छेद घरात कुणाला वाचता येत नव्हता आणि मीही तो वाचून दाखवला नाही. दोन वर्षांत कार्यालयाचा संघ आंतर-कार्यालय स्पर्धेत पहिल्या चारांत आला तर नोकरी कायम, नाहीतर सेवा समाप्त, असं त्यात लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी आवक-जावक विभागाच्या दाराशी ट्रंक घेऊन उभा होतो. कोण काय बोलतंय काही कळत नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोठून आलास? प्रवासांत जेवलास कीं नाहीं?"

मी दचकून वळलो. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल, काखेत छत्री. पाऊस तर सोडाच, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. हे एकोजीराव, आमचे अधीक्षक आणि कार्यालयाच्या बुद्धिबळ संघाचे कप्तान. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला गेले आणि तिकडेच राहिले. शेजारीपाजारी तमिळ, कचेरीत इंग्रजी, पण घरात मराठी. तीही आमच्याकडे जुन्या दस्तांत सापडते तशी. माझं बोलणं ऐकून त्यांनाही तितकीच गंमत वाटायची. "फार भरभर बोलतोस, दा. शब्द पळून जातील," असं ते म्हणायचे. हा 'दा' म्हणजे तमिळमधला 'रे'.

माझं पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबले. पेन्सिलीने समासात बारीक रेघ ओढली, पुन्हा वाचलं, पुन्हा एक रेघ ओढली. मग म्हणाले, "अय्यय्यो." त्या दिवसापासून माझी काळजी माझ्यापेक्षा ते जास्त करू लागले.

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, मग जिना उतरून पुन्हा वर जायचे. गाडीच्या तिकिटाच्या तीन प्रती काढायचे. एक खिशात, एक पिशवीत, एक बायकोकडे. बायको सोबत येणार नसली तरी. एकदा त्रिचीला सामन्याला जाताना गाडी सुटायला दीड तास होता, आम्ही फलाटावर बसलो होतो आणि सर एकदम उभे राहिले.

"गॅस," ते म्हणाले.

"सर, मामी घरी आहेत," मी म्हटलं. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मामीच म्हणायचो.

"तेंच तर. तिला ठाव नसेल कीं मीं बंद केला कीं नाहीं."

मग फलाटावरच्या फोनवरून घरी फोन झाला. मामींचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "गॅस चालूच आहे! त्यावर आंबट वरण शिजतें आहे! आतां बंद करूं कां?" चेन्नई ज्याला सांबार म्हणते त्याला मामी आंबट वरण म्हणत. सर परत येऊन बसले आणि समाधानाने म्हणाले, "चालू आहे. बरें झालें विचारलें."

असा माणूस स्पर्धेचं बुद्धिबळ खेळतो कसा, हे मला बरेच दिवस कोडं होतं. घड्याळ टिकटिकतंय, समोर माणूस बसलाय, एकदा हात लावलेली सोंगटी परत ठेवता येत नाही. काळजी करणाऱ्याला याहून वाईट जागा नसेल. पण सरांनी त्यावर दोन उपाय काढले होते.

पहिला उपाय म्हणजे काळी मोहरी आली की एकच सुरुवात. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की सर वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवत. एकच घर. पुस्तकात या बचावाला भारदस्त परदेशी नाव आहे. सर त्याला नुसतं 'एक घर' म्हणत. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही खेळलं नव्हतं. मी हल्ल्यावर वाढलेला पोरगा, मला ते भित्रेपणाचं वाटायचं. एकदा तसं बोललोही. सर रागावले नाहीत. म्हणाले, "तूं दोन घरें धांवून जातोस, मग मागें काय उघडें राहिलें हें पाहातोस. मी अगोदर पाहातों. दोघांचीही झोंप जाते; माझी आधीं जाते, इतकेंच."

दुसरा उपाय कागदाचा होता. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला खेळ्या कागदावर टिपून ठेवाव्या लागतात. बहुतेक जण खेळी करतात आणि मग लिहितात. सर उलट करायचे. खेळी ठरली की आधी लिहायची, पेन खाली ठेवायचं, लिहिलेलं वाचायचं, पटाकडे बघायचं, पुन्हा वाचायचं आणि मग सोंगटीला हात घालायचा. "डोक्यांत आहे तोंवर चूक दिसत नाहीं. कागदावर आली कीं परक्याची वाटते. परक्याची चूक लगेच दिसते." जुन्या काळी अशी शिस्त पुष्कळ प्रशिक्षक शिकवायचे. सरांनी ती बुद्धिबळापुरती ठेवली नव्हती. साहेबांशी बोलायला जाण्याआधी ते चार वाक्यं लिहीत. डॉक्टरकडे जाताना आपली दुखणी क्रमवार लिहून नेत. मामी म्हणायच्या, "मला पाहायला आले तेव्हां वडिलांनीं विचारलें, पोरगी पसंत कां? यांनीं खिशांतून कागद काढला. 'होय' लिहिलें. वाचलें. मग मान हालविली. तोंवर आमचा कॉफीचा दुसरा पेला झाला!"

सर मान खाली घालून हसत. "पण खेळी चुकली कां?" एवढंच विचारत.

माझ्या पहिल्या वर्षी आमचा संघ सहावा आला. दुसऱ्या वर्षी नियम बदलला.

परिपत्रक सरांनीच आणलं. खेळी आधी पटावर करायची, मगच लिहायची. आधी लिहिणं म्हणजे टिपणाचा आधार घेणं, आणि ते बेकायदा. सरांनी ते वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. चेहरा असा झाला होता, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

"सर, नुसता क्रम बदलायचा," मी म्हटलं.

"श्वासाचाही क्रमच असतो, दा."

त्यानंतर दोन महिने रोज कचेरी सुटल्यावर मी त्यांच्या घरी सरावाला जायचो. सराव मोहऱ्यांचा नव्हता, हाताचा होता. मामींनी पेनाला लांब दोरा बांधून त्याचं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. सरांचा हात खेळीच्या आधी पेनाकडे गेला की मामी दोरा ओढायच्या आणि पेन टेबलावरून उडायचं. "खेळा अगोदर! लिहिणें मागून!" आम्ही दोघं हसायचो, सरही हसायचे, पण त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. एका संध्याकाळी मला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "मजला संघांतून काढा म्हणून साहेबांस सांगतों. माझ्यामुळें तुझें कांहीं होऊं नये."

पण चौथ्या पटावर खेळेल असं कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं. मला सर हवे होते. खरं सांगायचं तर, मला त्यांचे गुण हवे होते.

स्पर्धा मे महिन्यात, एग्मोरच्या एका सभागृहात झाली. वरचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. शेवटच्या फेरीआधी आम्ही चौथे होतो आणि विमा कंपनीच्या संघाशी बरोबरी केली की चौथे राहणार होतो. म्हणजे दोन-दोन. सकाळी मी परतूरला फोन केला तेव्हा वडिलांनी विचारलं, "सगळं ठीक ना?" बहिणीचा नर्सिंगचा अर्ज भरायचा होता, त्यांनी त्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, भरा.

माझा डाव मी जिंकलो. पहिल्या पटावरचा आमचा खेळाडू हरला, तिसऱ्यावर बरोबरी झाली. दीड-दीड. सरांचा डाव चालू होता. त्यांना फक्त अर्धा गुण हवा होता.

मी दोरीच्या बाहेर, त्यांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो. समोर सेल्वम नावाचा तिशीतला शांत माणूस होता. सुरुवात सरांची नेहमीचीच झाली होती, एक घर. मग मी कागदाकडे बघितलं. समासात पंचांच्या दोन सह्या होत्या. पाचव्या खेळीला सरांनी आधी लिहिलं म्हणून पहिली ताकीद. सतराव्या खेळीला पुन्हा तेच, तेव्हा सेल्वमला दोन मिनिटं वाढवून दिली होती. पंचांनी दोघांसमोर बजावलं होतं, तिसऱ्या वेळी डाव गेला.

तेव्हापासून सरांनी एक युक्ती काढली होती. खेळी केली की लिहायचे, पेनाला टोपण घालायचे, पेन खिशात ठेवून खिशाचं बटण लावायचे. पुन्हा लिहायच्या वेळी बटण काढायचे. यात वेळ जात होता. घड्याळात चौदा मिनिटं उरली होती आणि पटावर सेल्वमचं एक प्यादं जास्त होतं.

मग सरांना ती खेळी दिसली. मलाही त्याच क्षणी दिसली. हत्ती शेवटच्या ओळीत नेऊन शह. राजा सरकला की पुन्हा शह, पुन्हा सरकला की पुन्हा. सुटकाच नाही. बरोबरी. सेल्वम पाणी प्यायला उठून गेला होता. पंच लांबच्या टोकाला बंद पडलेल्या घड्याळाशी झटत होते. सरांच्या संघाचा, पटाचा, माझ्या नोकरीचा सगळा निकाल त्या एका हत्तीत होता.

त्या आनंदात सरांचा हात खिशाकडे गेला. बटण निघालं, टोपण निघालं, आणि त्यांनी खेळी लिहिली.

लिहून झाल्यावर पेन थांबलं. मला त्यांची मान ताठ झालेली दिसली. कुणीही पाहिलं नव्हतं. फक्त हत्ती उचलून शेवटच्या ओळीत ठेवायचा होता. पेन हातात असणं हा काही गुन्हा नव्हता. सरांनी डावा पंजा कागदावर झाकला आणि वळून पाहिलं. मी होतो.

मी काय चेहरा केला असेल ते मला सांगता येत नाही. पण मी मान हलवली. हलकेच, एकदा. खेळा, अशी. आम्हा दोघांशिवाय हे आजवर कुणाला ठाऊक नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. घड्याळ त्यांचंच चालू होतं. मग त्यांनी पंजा कागदावरून उचलला आणि तोच हात वर केला.

पंच आले. "काय झालं?"

"मीं आधीं लिहिलें," सर तमिळमध्ये म्हणाले.

"मी पाहिलं नाही, सर."

"मी सांगतों आहें."

पंचांनी कागद उचलून पाहिला. एवढ्यात सेल्वम पाण्याचा पेला घेऊन परतला. काय चाललंय कळल्यावर त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "वेण्डाम, सर. राहू द्या. खेळा." पंचांनी त्याच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि घड्याळ थांबवलं. दोघांसमोर बजावलेलं होतं. त्यांचाही इलाज नव्हता. सरांनी कागदावर सही केली. सही करण्याआधी निकाल दोनदा वाचला.

आम्ही पाचवे आलो.

बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले होते. अर्ध्या रस्त्यात माझ्या तोंडून निघालं, "सर, कोणी पाहिलं नव्हतं."

"तूं पाहिलेंस कीं," ते म्हणाले.

मला तेव्हा ते उत्तर वाटलं नाही. मला राग आला होता, आणि त्या रागातच मी एक थांबा आधी उतरलो.

पुढच्या महिन्यात सेवा समाप्तीचं पत्र आलं. सरांनी साहेबांना तीन अर्ज लिहिले, प्रत्येकाच्या तीन प्रती. काही उपयोग झाला नाही. मी परतूरला कळवलं नाही. विल्लिवाक्कममधल्या खोलीत दार लावून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. छत्री, पिशवी, मामींचा डबा आणि वर्तमानपत्रातलं एक कात्रण. पेरुंगुडीची एक सॉफ्टवेअर कंपनी विज्ञानाच्या पदवीधरांची परीक्षा घेत होती.

"मला इंग्रजी बोलता येत नाही," मी पडूनच म्हटलं.

"बोलूं नकोस. लीह."

चार महिने ते रोज संध्याकाळी येत राहिले. मुलाखतीत काय विचारतील ते प्रश्न ते लिहून आणायचे, मी उत्तर लिहायचो, वाचायचो, चूक शोधायचो, मग मोठ्याने म्हणायचो. मी कधी चिडून आधी बोलून टाकलं की ते कागद पुढे सरकवायचे. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मीही त्या मान हलवण्याची मागितली नाही. त्यांच्या पिशवीत पूर्वी नेहमी गुंडाळलेला पट असायचा. या चार महिन्यांत मला तो एकदाही दिसला नाही, आणि मी विचारलं नाही.

पेरुंगुडीला माझी निवड झाली. दोन वर्षांनी मी सिरुसेरीच्या मोठ्या कंपनीत गेलो. आजही मी संगणकाला हात लावण्याआधी कागदावर लिहितो. शेजारची मुलं हसतात. चुका माझ्या कमी निघतात, एवढं खरं. बहीण नर्स झाली.

सर निवृत्त झाले आणि मामींना घेऊन तंजावरला निघाले. मी एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला दोन तास होते आणि ते तासाभरापासून येऊन बसले होते. डब्यावर चिकटवलेल्या यादीत त्यांनी आपलं नाव तीनदा बोट ठेवून वाचलं. मी सामान वर चढवलं. सगळी मिळून नऊ बोचकी होती.

"पट कुठल्या पिशवीत आहे, सर? तो खाली ठेवतो, वाटेत लागेल."

मामींनी खिडकीबाहेर पाहिलं. सर म्हणाले, "नाहीं, दा. तें संपलें. त्या दिवसापासून हातावर भरंवसा नाहीं."

गाडी हलली. ते खिडकीतून हात हलवत नव्हते. दोन्ही हातांनी तिकिटाची प्रत धरून वाचत होते. मग त्यांनी वर पाहिलं, पण तोवर मी खूप मागे राहिलो होतो.

घरी येऊन मी पत्र लिहायला घेतलं. आठ महिने लागले. शेवटी पाठवलं ते हे:

"ती. एकोजीराव सरांस सा. न. वि. वि.

त्या दिवशी आपण वळून पाहिलंत तेव्हा मी मान हलवली होती. आपण ती पाहिलीत, हे मला माहीत आहे. आपण हात वर केला नसतात तर नोकरी राहिली असती, आणि मग आपण दोघं रोज एकमेकांना ते आठवत कचेरीत बसलो असतो. हे समजायला मला वेळ लागला. माफी मागतो.

दुसरी गोष्ट. टपालाने बुद्धिबळ खेळतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यात घड्याळ नाही, पंच नाही. खेळी आधी कागदावर लिहावीच लागते. त्याशिवाय ती पोचतच नाही. पोस्टाच्या पेटीत टाकण्याआधी ती कितीही वेळा वाचता येते.

पांढरी मोहरी मी घेतो. माझी खेळी : राजापुढचं प्यादं, दोन घरं.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड आहे. आपलं उत्तर मला माहीत आहे, तीस वर्षं तेच आहे. तरी ते आपल्या अक्षरात पाहिजे. घाई नाही.

मामींना नमस्कार. दोरा ओढू नये म्हणावं.

आपला,
सुदाम"